जबल जैसच्या बर्फात तिघं

वाळवंटात बर्फ पडला हे आम्हाला कळलं तेव्हा मी ओट्यावर चढून वरच्या कपाटातले डबे खाली काढत होते. आमच्या शारजाच्या घरात त्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धा संसार खोक्यांत आणि अर्धा अजून भिंतींवर. फोन आला तो नवऱ्याच्या ओळखीच्या एका फोरमनचा. हा गृहस्थ रत्नागिरीकडचा, दुबईजवळच्या जबल अलीच्या यार्डात कामाला, आणि एकदा बोलायला लागला की समोरच्याला बोलू न देणारा. "वहिनी, रास अल खैमाच्या डोंगरावर, जबल जैसवर बर्फ पडलाय, बर्फ! आईशप्पथ! अख्खा डोंगर पांढरा!" मी म्हटलं, "भाऊ, शुक्रवारी सकाळी सकाळी काय घेतलंत?" तर तो रागावलाच. म्हणाला, साहेबांना द्या फोन.

साहेब म्हणजे माझा नवरा. बैठकीच्या खोलीत खोक्याला पिवळी नायलॉनची दोरी आवळत बसला होता. फोन कानाला लावून तो नुसता "हं, हं" करत होता. गेले कित्येक दिवस तो एवढंच बोलत होता. हं. बघू. आणि फारच मागे लागलं तर इन्शाल्ला. आमच्या घरात इन्शाल्ला म्हणजे नाही.

झालं होतं ते त्या काळात घरोघरी झालं होतं. मंदी आली आणि दुबईच्या क्रेन हात वर करून जागच्या जागी उभ्या राहिल्या. नवऱ्याच्या कंपनीने त्याला काढलं नाही, हे नशीबच. पण पगार अर्धा केला, राहायचं घर काढून घेतलं, आणि इमारती बांधणाऱ्या या इंजिनिअरला जबल अलीच्या यार्डात पडून राहिलेल्या मालावर लक्ष ठेवायला बसवलं. मग त्याने एकट्यानेच सगळं ठरवून टाकलं. तो अजमानला त्या फोरमनच्या खोलीत एक पलंग घेणार आणि मी मुलीला घेऊन पुण्याला जाणार. दोन तिकिटं आणून त्याने फ्रिजवर ठेवली आणि हात धुवायला गेला.

मला दोन तिकिटं मान्य नव्हती. एक तर तीन काढ, नोकरी मार खड्ड्यात, तिकडे जाऊन बघू काय ते. नाहीतर एकही काढू नकोस. तिघांनी एकत्र राहायचं एवढं एकच मला पाहिजे होतं आणि त्याचं उत्तर मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. निघायला आठवडाही उरला नव्हता. मी चिडून विचारलं, रडून विचारलं, जेवताना, कपडे वाळत घालताना विचारलं. तो म्हणायचा, बघू. मुलगी आठ वर्षांची. तिला आम्ही सांगितलं होतं की आपण मोठ्या सुट्टीवर चाललोय.

फोन ठेवून तो उठला, बांधून ठेवलेल्या बॅगेचं कुलूप उघडलं आणि पुण्यासाठी भरलेले स्वेटर बाहेर काढायला लागला. मी बघतच राहिले. "चला," तो म्हणाला. "बर्फ बघून येऊ." कित्येक दिवसांत त्याच्या तोंडून आलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. त्याला नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

मुलीच्या हातात मोजे नव्हते म्हणून पायातलेच मोजे तिच्या हातांत चढवले. फोरमनने गावाहून आणून दिलेली कोकम सरबताची बाटली मी पर्समध्ये टाकली. बर्फ म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोक्यात पहिला गोळाच येतो. लिफ्टमध्ये स्वेटर घातलेल्या आम्हा तिघांकडे शेजारचा मल्याळी माणूस बघत राहिला.

रास अल खैमाच्या पुढे गेलो तेव्हा डोंगर दिसतच नव्हते. जिथे एरवी करडे, कोरडे, दात विचकल्यासारखे कडे दिसायचे तिथे खालपर्यंत उतरलेला ढग होता. रस्ता त्या ढगात शिरत होता आणि आम्ही रस्त्याच्या मागे. वरपर्यंतचा रस्ता तेव्हा झालेला नव्हता. डांबर संपलं, मग खडी आली, मग बंद पडलेल्या कामावरचा एक रोलर धुक्यात गुरासारखा उभा दिसला आणि त्याच्यापुढे रस्ताच नव्हता. वरून एक मोठी जीप खाली येत होती. बॉनेटवर ढीगभर बर्फ रचलेला. आत पायघोळ पांढरा कंदुरा घातलेला एक म्हातारा अरब. त्याने काच खाली केली आणि हिंदीत म्हणाला, "ऊपर कुछ नहीं दिखता. बच्ची है साथ में. वापस जाओ."

"शुक्रन, शुक्रन," नवरा म्हणाला आणि निघताना डिकीत टाकलेली खोक्यांची दोरी काढायला लागला.

"तो माणूस काय म्हणाला ऐकलंस ना?"

"अगं, आपण धुक्यात राजगड चढलोय."

आपण नव्हे, तो. लग्नाआधी कॉलेजच्या टोळक्याबरोबर हा दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या गडावर असायचा. मी सासूबाईंच्या तोंडून त्याच्या चिखलाच्या बुटांच्या कथा तेवढ्या ऐकलेल्या. पण तो दोरी उलगडत होता आणि त्याचा चेहरा मला जरा ओळखीचा वाटायला लागला होता, म्हणून मी गप्प बसले. त्याने दोरी आधी स्वतःच्या कमरेला बांधली, मग मुलीच्या, मग माझ्या. तो पुढे, ती मध्ये, मी मागे. आणि त्याने आम्हाला त्यांच्या टोळक्याची रीत समजावली. धुक्यात पुढच्याने मधूनमधून हाळी द्यायची, "आहे का?" मागच्यांनी एकेकाने म्हणायचं, "आहे." एकाचाही आवाज आला नाही तर सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. मग कितीही शहाणा असो, कोणी पाऊल उचलायचं नाही.

"आहे का?" त्याने लगेच करून बघितलं.

"आय एम हिअर!" मुलगी ओरडली.

"आहे बाई, आहे," मी म्हटलं.

मग आम्ही चढायला लागलो. आज डोळे मिटून ते आठवते तेव्हा मला आधी आवाज आठवतात, कारण दिसायला काही नव्हतंच. आमच्या पायांखालची खडी. मुलीचा श्वास. आणि बाकी सगळीकडे अशी शांतता की कान दुखावेत. इतकी वर्षं या देशात राहून मी एसीच्या घरघरीशिवायची शांतता विसरून गेले होते. थोडं वर गेलो आणि आकाशातून काहीतरी टपटप पडायला लागलं. मी हातावर घेतलं. बारीक, गोल, पांढरे दाणे. भिजवलेला साबुदाणाच. माझ्या बाहीवर, दोरीवर, मुलीच्या टोपीवर ते दाणे साठत गेले आणि विरघळेचनात.

हळूहळू जमीनही पांढरी झाली. मग वर आणि खाली यांतला फरक गेला. पाय टेकायचा तेव्हाच कळायचं की खाली काहीतरी आहे. दोरी माझ्या कमरेपासून निघून पुढे जायची, मुलीच्या लाल स्वेटरचा एक धूसर ठिपका दाखवायची आणि पुढे कुठेच जायची नाही. त्या कुठेच-नाहीमधून त्याचा आवाज यायचा. आहे का? आय एम हिअर. आहे. मला वाटलं, आपण चालत नाही आहोत, कोणीतरी आपल्याला झोपेत उचलून घेऊन चाललंय. शारजा, खोकी, फ्रिजवरची तिकिटं, सगळं खाली ढगाच्या तळाशी राहिलं. थंडीने नाक गळत होतं, आणि तरी मला सांगायला हवं की मी सुखात होते. फार सुखात होते.

एके ठिकाणी धुक्यातून एक शेळी आली. अगदी समोर. पाठीवर बर्फाची पातळ गोधडी. ती आमच्याकडे अशी बघत राहिली की जणू आम्हीच तिच्या स्वप्नात शिरलोय. मुलगी कुजबुजली, "इज शी लॉस्ट?" तेवढ्यात शेळी वळली आणि दोन पावलांत पुसली गेली. पुढे दगडांची एक भिंत लागली, तिच्या पुढे रचलेल्या दगडांचं एक ठेंगणं रिकामं घर. दाराला दार नाही. आत कोरडी माती आणि जुन्या चुलीची काळी खूण. इथे कोणीतरी संसार केला होता, एवढ्याशा जागेत.

त्याच्या वरच्या उतारावर खरा बर्फ होता. आम्ही गुडघ्यावर बसून तो दोन्ही हातांनी उकरला. मी कोकमाची बाटली काढली आणि नवरा असा हसला की मला रडूच आलं. केवढ्या दिवसांनी! "काय बाई आहे ही! डोंगरावर सरबत घेऊन आली!" तो मुलीला सांगत होता. आम्ही मुठीत गोळे दाबले, त्यावर कोकम ओतलं आणि कुडकुडत चोखत बसलो. हात गुलाबी, ओठ गुलाबी, खाली बर्फ गुलाबी. मुलगी म्हणाली, "धिस इज द बेस्ट व्हेकेशन." आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

मग उतरायला लागलो आणि वाट चुकलो.

वाट अशी नव्हतीच म्हणा. आमच्या पावलांच्या खुणांवरून उतरू असा त्याचा हिशोब होता, आणि त्या खुणा वरून पडणाऱ्या साबुदाण्याने बुजवून टाकल्या होत्या. दगडांचं ते घरही लागेना. बराच वेळ आम्ही नुसते पांढऱ्यात पाय टाकत होतो. शेवटी दोन कड्यांमधली एक घळ लागली. तो थांबला. "ही बरोबर खाली जाते," तो म्हणाला. "सह्याद्रीत वाट चुकली की आम्ही घळच धरायचो. ओढ्याच्या काठाने उतरलं की वाडी लागतेच."

"बाबा, नो," मुलगी म्हणाली. "टीचर सेड नेव्हर गो इन द वादी व्हेन इट रेन्स." वादी म्हणजे इथल्या डोंगरातली कोरडी घळ, पाऊस झाला की अचानक पाण्याने भरणारी.

"हे रेन नाहीये बाळा, स्नो आहे."

मी म्हटलं, "अरे, हा स्नो वितळून कुठे जाणारे? तुझ्या त्या घळीतच ना?" त्याने आम्हाला जवळच्या एका भिंतीपाशी उभं राहायला सांगितलं आणि तो पुढे धुक्यात गेला. भिंत म्हणजे कोणे एके काळी शेताला घातलेला दगडांचा बांध, कमरेएवढा. आम्ही टेकलो. मी मुलीच्या हातावरचे ओले मोजे काढून तिचे तळवे माझ्या पोटावर धरले आणि तोंडाने वाफ देत बसले. जरा वेळाने वाटलं, फार वेळ झाला, हाळी आली नाही. मी मुलीच्या पुढची दोरी ओढली. ती हलकी लागली. ओढत गेले तर ओढतच गेले, आणि तिचं टोक माझ्या हातात आलं. ओलं, गाठ सोडलेलं.

मी ओरडले, "आहे का?"

काही नाही.

"अरे ए! आहेस का?"

धुकं आवाज खाऊन टाकतं हे मला त्या दिवशी कळलं. हाक तोंडातून निघायची आणि हातभरावर पडायची. मुलगीही ओरडायला लागली, "बाबा! बाबा!" आणि आमच्या हाकांच्या मधल्या फटीत मला दुसरा एक आवाज ऐकू आला. खालून, घळीतून. पाण्याचा. आधी कोणी तांदूळ धुतंय तेवढा, मग त्याहून मोठा. घाबरले म्हणणं काहीच नाही. माझ्या आत कोणीतरी दिवे मालवत गेलं. आणि त्या काळोखात एकच गोष्ट स्पष्ट दिसत होती, की पुण्यातली प्रत्येक सकाळ अशीच असणार. मी हाक मारणार आणि तिकडून काही येणार नाही.

तो आला तेव्हा आधी खोकला आला. मग धुक्यातून त्याचा हात, मग तो. गुडघ्यापर्यंत भिजलेला, कोपर खरचटलेलं. "खाली पाणी सुटलंय," तो धापा टाकत म्हणाला. "बरं झालं तुम्हाला नेलं नाही."

मी त्याला मारलं. खरंच मारलं, खांद्यावर, दोन्ही हातांनी. "न सांगता दोरी सोडलीस! मेल्या, न सांगता दोरी सोडलीस तू!"

"अगं, वाट बघायला गेलो होतो. त्या दगडांत तुम्हाला कशाला उतरवू? म्हटलं, एकटा जाऊन—"

"हेच! अगदी हेच करतोयस तू घरीसुद्धा! एकटा जातो, एकटा बघतो, एकटा राहतो. आम्ही कोण आहोत? सामान? खोक्यांबरोबर आम्हालाही बांधून पाठवून दे!"

तो बांधाला टेकून खाली बसला. मीही बसले. मुलगी आमच्या मध्ये. ढग हलेपर्यंत इथून हलायचं नाही, एवढं त्याने न बोलताच कबूल केलं होतं. मी दोरी त्याच्या कमरेला गुंडाळली आणि चार गाठी मारल्या. इतक्या जवळ बसूनही मला त्याचा चेहरा धड दिसत नव्हता. कदाचित म्हणूनच तो बोलू शकला.

"एक खोली मिळत होती," तो म्हणाला.

"कुठली खोली?"

"अजमानला. फोरमनच्याच बिल्डिंगमध्ये. फॅमिलीला देतात. चार खोल्यांत चार कुटुंबं, एक स्वयंपाकघर, एक बाथरूम. त्याने महिन्यापूर्वीच दाखवली मला. मी नको म्हटलं."

महिनाभर मी या माणसाच्या मागे उत्तरासाठी लागले होते आणि उत्तर याच्या खिशात होतं.

"का?"

"तुला बघितलंय मी आपल्या ओट्यावर कसं सगळं लखलखीत ठेवतेस ते. तिथे सकाळी गॅससाठी नंबर लावायचा, बाथरूमबाहेर बादली घेऊन उभं राहायचं. इंजिनिअरची बायको म्हणून आणलं तुला इथे. त्या खोलीत तुला नेऊन उभी करायची..." तो थांबला. "मला लाज वाटते गं. फार लाज वाटते."

मला वाटलं होतं त्याला आमचं ओझं झालंय. मनात मी त्याच्यावर नको नको ते आरोप करून झाले होते. आणि हा शहाणा इतके दिवस एका बादलीपायी कुढत होता.

"मला काय जमतं ते तू नको ठरवूस," मी म्हटलं. "मला ओट्याचं काही पडलेलं नाही. आत्ता तुझा आवाज येईना तेव्हा माझं काय झालं ते मला माहीत. ते मला रोज सहन नाही व्हायचं. मी सांगून ठेवते. मी नाही जात. तिकिटं फाडून टाक."

"ती खोली एवढीशी आहे. एक पलंग मावतो."

"मग खाली झोपेन."

"आणि हिचं काय? हिच्या शाळेचं, हिच्या—"

"आस्क मी ऑल्सो," मुलगी म्हणाली.

आम्ही दोघं दचकलो. खोटं कशाला सांगू, ती मध्ये बसलीय हे आम्ही विसरूनच गेलो होतो. तिच्या डोक्यावरून सगळं बोलून झालं होतं. तिचे ओठ अजून कोकमाने गुलाबी होते. ती समोरच्या धुक्याकडे बघत होती.

"यू सेड व्हेकेशन," ती म्हणाली.

नवऱ्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग तो म्हणाला, "चुकलं बाळा. विचारायला पाहिजे होतं. आता विचारतो." आणि त्याने तिला सगळं सांगितलं. मोठ्या माणसाला सांगावं तसं, न लपवता. पुण्याला गेलं तर आई आणि ती, आजीआजोबांबरोबर. तो इथे. सुट्टीत येईल. आणि राहिलं तर अजमानची ती खोली.

तिने विचार केला. घळीतलं पाणी आता चांगलंच वाजत होतं.

"पुण्यात मला रूम आहे?" तिने विचारलं. मराठीत.

"आहे," मी म्हटलं. "आजीने रंगसुद्धा लावून घेतलाय. तुझी एकटीची."

"खिडकी?"

"आहे. बाहेर आंब्याचं झाड."

"अजमानला?"

"नाही," तो म्हणाला. "तिथे तुझं असं काहीच नसेल. तिघांना मिळून एकच खोली. आणि खिडकीही जिन्याकडे उघडते."

धुकं तसंच होतं. माझ्या कुशीत ती थंडीने बारीक थरथरत होती, आणि मी श्वास धरून बसले होते, कारण इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला भीती वाटली की ती झाड मागेल, आणि मागितलं तर तिचं काय चुकलं?

"ओके," ती म्हणाली. "देन अजमान."